पासिंग, हुक आणि एक आबा

पिकअपचं पासिंग ब्रेकवर अडलं नाही, हेडलाइटवर अडलं नाही. अडलं ते मागच्या हुकावर.

कमर्शियल गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की दरसाल फिटनेस काढावं लागतं, म्हणून मी आरटीओच्या ग्राउंडवर तयारीनं गेलो होतो. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, सगळी रिफ्लेक्टर टेप नवीकोरी. स्पीड गव्हर्नरचा कागद, विमा, पीयूसी. साहेब गाडीला वळसा घालून मागं गेले आणि थबकले.

"हे काय?"

"टोचन हुक, साहेब."

"आरसीत आहे?"

हुक कुणाच्या आरसीत असतो? पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या गाडीत परस्पर फेरफार चालत नाही. "कापून आणा," म्हणाले आणि पुढच्या गाडीकडं गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारच्या टेम्पोच्या सावलीत एक आबा बसले होते. टेम्पो नातवाचा, पासिंगही त्याचंच. आबा नुसते सोबतीला. पांढरी टोपी, तोंडात तंबाखू, हाताला काम नाही. ते उठले आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसा माझा हुक निरखू लागले.

"पावणं, काय वढतासा ह्येनं?"

"काही नाही, आबा."

"कायच न्हाई?"

"नाही."

"मग बसवलाय कशापायी?"

कोल्हापुरात गंगावेशीत एकानं मागनं ठोकलं होतं, बंपर गेला, म्हणून बसवला, असं मी सांगितलं.

"म्हंजी म्होरल्या बारीला कोण ठोकंल त्येचा रेडिएटर फोडायला." मग टेम्पोकडं वळून आबांनी आवाज चढवला, "आरं, हे बघ! हुक हाय आन् वढत कायच न्हाई!"

नातू आला. क्लीनर आला. लायसनच्या टेस्टला आलेली दोन पोरंही आली. आबांनी एक पाय हुकावर दिला आणि वरखाली झोका घेतला. वेल्डिंग तसूभर हललं नाही. त्याचंसुद्धा कुणी कौतुक करेना.

जराशी इज्जत राखावी म्हणून मी सांगायला गेलो, की ब्रिटनमध्ये गाडीमागं कॅराव्हॅन जोडून माणसं फिरायला जातात, तिथं वर्षाच्या तपासणीत हुक घट्ट आहे का, गंजलाय का, तडा गेलाय का, सगळं बघतात. ट्रेलरच्या दिव्यांना करंट द्यायला तेरा पिनांचं सॉकेट असतं, तेसुद्धा तपासतात.

"तेरा पिना?" आबांनी तंबाखू थुंकली. "आमच्या ट्रालीला येकच हाय. ती बी शेजाऱ्याची."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनापासून नाही. कारण ट्रॅक्टरला एका लोखंडी पिनेनं अडकवलेल्या त्या ट्रॉल्या मी रोज बघतो. गळीत हंगाम सुरू झाला की शिये-शिरोलीच्या अंगाला रात्री गाडी चालवून बघा. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ऊस मागं एवढा बाहेर आलेला की दिवा असला तरी शेंड्याच्या पाल्याखाली झाकलेला. लाल टेप नाही. पिनेला तार गुंडाळलेली. पन्नास फुटांवर आल्यावर कळतं की पुढं ऊस आहे, तोही तुमचं नशीब बरं असेल तर. दर हंगामात कुणीतरी त्यात घुसतं, पेपरला चार ओळी येतात, आणि दुसऱ्या रात्री ट्रॉल्या तशाच. त्यांना कोण म्हणतंय, कापून आणा? त्या ग्राउंडवर फिरकतच नाहीत. मी आपला झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती घेऊन रांगेत उभा, म्हणून माझा हुक दिसला.

असो. उद्यमनगरात गेलो. आबाही केबिनमध्ये येऊन बसले, "हितं बसून तरी काय करू" म्हणत. वेल्डरनं बसवायला घेतले होते त्याहून जास्त पैसे कापायला मागितले. "चासी संभाळून कापाय लागतंय, साहेब." ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या, हुक खाली पडला. तो गार व्हायच्या आत आबांनी विचारलं, "ह्येचं काय करणार?"

"भंगारात."

"द्या की मग. मागच्या ट्रालीला हुईल."

टोपी काढून त्यांनी तिच्यात हुक धरला आणि मांडीवर घेऊन बसले. ग्राउंडवर परत येईपर्यंत एकसारखा उलटसुलट करून बघत होते. गाडी लगेच पास झाली. मला राहवेना.

"आबा, तुमच्या ट्रॉलीचं पासिंग कधी असतं?"

"असतंय की," आबा म्हणाले. "आदी तिला नंबर तर पडू द्या."