‘ओकलंडचे फॅनच येत नव्हते म्हणून ए’ज गेली’ असं म्हणणाऱ्यांसाठी

बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड परिसरातल्या) आपल्या मराठी ग्रुप्समध्ये एक पोस्ट परत परत फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: ओकलंडच्या लोकांनी बेसबॉल बघायला जाणंच बंद केलं, शहराने नवीन स्टेडियमसाठी काही केलं नाही, शेवटी मालक जॉन फिशर कंटाळला आणि ए’जना लास वेगासला न्यायचं ठरवलं, तिकडे मार्केट मोठं आहे, आणि काहीही झालं तरी टीम त्याची आहे, तो कुठेही नेईल. खाली वीस-पंचवीस अंगठे आणि "अगदी बरोबर". मी फ्रीमाँटला राहतो, ए’जचा फॅन आहे, आणि मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे किंवा अर्धवट आहे. ग्रुपवर तुकड्यातुकड्यात लिहून ते वाहून जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहितोय.

ज्यांना बेसबॉलचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅथलेटिक्स म्हणजे ए’ज ही टीम १९०१ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली, १९५५ ला कॅन्सस सिटीला गेली आणि १९६८ ला ओकलंडला आली. ओकलंडमध्ये असताना १९७२, ७३, ७४ आणि १९८९ अशा चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकली. २०२४ चा सीझन संपल्यावर टीमने ओकलंड सोडलं.

आता पहिला मुद्दा, फॅन येत नव्हते. हाच सगळ्यात जास्त फिरतो, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

१९८० ते १९९५ टीम हास कुटुंबाकडे होती, लीव्हाइज जीन्सवाले. त्यांनी टीमवर पैसे लावले, आजूबाजूच्या गावांत जाऊन लोक जोडले, आणि १९९० मध्ये ओकलंडच्या त्याच कोलिझियम स्टेडियममध्ये सीझनभरात २९ लाख प्रेक्षक आले. शहर तेच, स्टेडियम तेच, लोकही तेच. बरं ते जुनं झालं म्हणाल, तर २०१४ मध्ये २० लाखांच्या वर लोक आले. २०१९ मध्ये १६ लाखांच्या वर, आणि त्या वर्षीच्या वाइल्ड कार्ड मॅचला, म्हणजे बाद फेरीच्या पहिल्या मॅचला, ५४,००५. म्हणजे ओनर कंजूष आहे हे सगळ्यांना माहीत असताना, स्टेडियम मोडकळीला आलेलं असताना, एका मॅचला चोपन्न हजार लोक!

मग आकडे पडले कधी? मे २०२१ मध्ये मेजर लीग बेसबॉल या लीगने टीमला दुसरी शहरं बघायची परवानगी दिली आणि टीमचे मोठे लोक वेगासच्या वाऱ्या करायला लागले. त्यानंतरच्या सीझनच्या आधी मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, शॉन मनाया असे एकामागोमाग एक चांगले प्लेयर दुसऱ्या टीम्सना देऊन टाकले, मधेच फ्रँकी मोंटास गेला, वर्षअखेरीला शॉन मर्फी पण. आणि त्याच वेळी सीझन तिकिटांचे भाव वाढवले. म्हणजे ज्यांना बघायला आपण जायचो ते सगळे गेले, टीम स्वतःच सांगतेय की आम्ही पण जाणार, आणि वर तिकीट महाग. २०२२ मध्ये टीम १०२ मॅच हरली, २०२३ मध्ये ११२. २०२२ ला प्रेक्षक आठ लाखांच्याही खाली आले आणि मग तोच आकडा दाखवून सांगायचं की बघा, इथे कोणी येत नाही. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हा क्रमच त्या पोस्टमध्ये उलटा केलाय.

आणि १३ जून २०२३ ची रात्र कोणी विसरू नका. फॅन्सनी ठरवलं की बहिष्कार टाकून कोणाला काही कळत नाही, तर एका मंगळवारी सगळ्यांनी मिळून जायचं, रिव्हर्स बॉयकॉट. आदल्या दिवशी मॅचला पाच हजारही नव्हते, त्या दिवशी २७,७५९ आले. पार्किंगमध्ये दुपारपासून ग्रिल पेटलेले, हिरव्या टीशर्टवर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द, ‘सेल’, म्हणजे टीम विका. राइट फील्डच्या मागे नेहमीचे ढोलवाले. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला अख्खं स्टेडियम मुद्दाम गप्प बसलं आणि मग एकदम "सेल द टीम!" सुरू झालं. टीम त्या वर्षी तळाला होती आणि समोर टॅम्पा बे रेज होती, त्या वर्षीची जबरदस्त टीम, तरी ए’ज २-१ ने जिंकली. त्याच दिवशी तिकडे वेगासच्या राज्यात, नेवाडाच्या सिनेटमध्ये, ए’जच्या नव्या स्टेडियमचं बिल पास होत होतं. यावर कमिशनर रॉब मॅनफ्रेड काय म्हणाले, तर एका रात्रीसाठी का होईना लीगमधल्या सरासरीइतकी गर्दी दिसली, छान वाटलं. ज्या लोकांनी पन्नास वर्षं टीम सांभाळली त्यांच्याशी लीगचा प्रमुख असं बोलतो, आणि आपण त्याच लोकांना दोष देणारे मेसेज फॉरवर्ड करायचे?

शेवटची मॅच २६ सप्टेंबर २०२४, टेक्सासविरुद्ध, ३-२ ने जिंकली, ४६,८८९ लोक. याच्यापुढे "येत नव्हते" म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं.

स्टेडियम खराब होतं हे मात्र खरंच आहे. २०१३ ला गटाराचं पाणी ड्रेसिंग रूममध्ये आलं होतं, आणि वरचा नजारासुद्धा गेला, कारण १९९५ ला रेडर्स ही फुटबॉल टीम परत आणण्यासाठी आउटफील्डच्या मागे प्रचंड स्टँड बांधला आणि ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या बंद झाल्या. त्या बांधकामाचं कर्ज रेडर्स निघून गेल्यावरही इथलेच टॅक्सपेयर फेडत राहिले. यात फॅनचा काय गुन्हा?

दुसरा मुद्दा, ओकलंडने काही केलं नाही. इथे थोडा इतिहास लागतो. २००६ मध्ये तेव्हाच्या मालकांनी टीम फ्रीमाँटला आणायचं ठरवलं होतं, हो, आपल्याच फ्रीमाँटला, आणि २००९ मध्ये तो प्लॅन सोडून दिला. मग सॅन होजे. तिथे आडवी आली सॅन फ्रान्सिस्कोची बेसबॉल टीम जायंट्स, कारण सांता क्लारा काउंटीचे हक्क त्यांच्याकडे. आणि ते हक्क जायंट्सना मिळाले कसे, तर नव्वदच्या सुरुवातीला ते स्वतः सॅन होजेला जायच्या विचारात होते तेव्हा हासनी काहीही न घेता हो म्हटलं होतं म्हणून. जायंट्स गेले नाहीत पण हक्क ठेवून घेतले. सॅन होजे कोर्टात गेलं, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. म्हणजे इतकी वर्षं घोंगडं भिजत ठेवलं ते ओकलंडने नव्हे, मालकांनी आणि लीगने.

मग आलं हॉवर्ड टर्मिनल. बंदराजवळची ५५ एकर जागा, ३५ हजारांचं स्टेडियम, ३००० घरं, ऑफिसं, हॉटेल, एकूण १२ अब्ज डॉलरचा प्रोजेक्ट. म्हणजे फक्त स्टेडियम नाही, अख्खा नवा वॉर्डच उभा करायचा होता, आणि त्यात वेळ जाणारच. तरी सिटी कौन्सिलने जुलै २०२१ मध्ये ६-१ ने अटींचा मसुदा मंजूर केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरण अहवाल पास केला, जूनमध्ये खाडीच्या जमिनींचं नियंत्रण करणाऱ्या कमिशनने २३ विरुद्ध २ मतांनी जागा मोकळी केली. रस्ते, पूल, रेल्वे क्रॉसिंग यासाठी शहराने साडेतीनशे मिलियनच्या वर डॉलर्स जमवले होते. आणि बोलणी चालू असताना एप्रिल २०२३ मध्ये रात्री बातमी आली की ए’जनी वेगासला जमिनीचा सौदा केला. महिनाभरात तो सौदा पण सोडला आणि दुसऱ्या जागेवर गेले. त्यानंतर मॅनफ्रेड म्हणाले की ओकलंडची ऑफरच नव्हती.

ओकलंडच्या राजकारणात भानगडी नाहीत असं मी म्हणत नाहीये, तेव्हाच्या महापौरांना २०२४ मध्ये मतदारांनी मतदान करून पदावरून काढलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण स्टेडियमच्या बाबतीत शहराने जे केलं ते कागदावर आहे, मतांच्या आकड्यांसकट.

बाकी "तीन टीम गेल्या म्हणजे शहरातच खोट" असंही कोणीतरी खाली लिहिलं होतं. वॉरियर्स ही बास्केटबॉल टीम २०१९ ला पुलापलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, रेडर्सना नेवाडाने ७५ कोटी डॉलर दिले म्हणून ते गेले. जास्त पैसे मिळाले तिकडे गेले, एवढंच आहे ते.

तिसरा, मोठं मार्केट. हे तर सरळ चूक आहे. बे एरिया अमेरिकेतल्या पहिल्या दहा टीव्ही मार्केटमध्ये आहे, वेगास चाळीसच्या आसपास. मेजर लीग बेसबॉलमधलं ते सगळ्यात छोटं टीव्ही मार्केट होईल. जागा ९ एकर, ट्रॉपिकाना हॉटेल पाडून मिळालेली, आणि सुरुवातीला दीड अब्जाचं सांगितलेलं स्टेडियम आता दोन अब्जांवर गेलंय. यात नेवाडाच्या जनतेचे ३८ कोटी डॉलर आहेत. आयजीच्या जीवावर बायजी उदार. तिकडच्या शिक्षकांनी यावर लोकांचं मत घ्या म्हणून मोहीम काढली होती, ती २०२४ मध्ये नेवाडाच्या सुप्रीम कोर्टात अडकली. लास वेगासच्या तेव्हाच्या महापौर कॅरोलिन गुडमन यांनीसुद्धा फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं की ए’जनी ओकलंडलाच राहायचा मार्ग काढावा. नंतर सारवासारव केली, पण बोलल्या होत्या.

आणि स्टेडियम २०२८ ला तयार होईपर्यंत टीम कुठे? वेस्ट सॅक्रामेंटोला, मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगच्या, मैदानावर, १४ हजारांच्या आसपास जागा, तेही दुसऱ्या टीमबरोबर वाटून. ड्रेसिंग रूम आउटफील्डच्या भिंतीपलीकडे आहे, त्यामुळे प्लेयरना मैदानाकडेच्या बसायच्या जागेतून (डगआउट) निघून अख्खं मैदान ओलांडून जावं लागतं. तिथली उन्हाळ्यातली दुपार ज्यांनी अनुभवलीय त्यांना वेगळं सांगायला नको. ओकलंडमध्ये राहण्यापेक्षा हे बरं, असं ज्या मालकाला वाटलं त्याने प्रेक्षकसंख्येचं कारण सांगू नये, कारण २०२५ मध्ये तिथे मॅचमागे सरासरी दहा हजारही आले नाहीत.

शेवटचा मुद्दा, खाजगी धंदा आहे, त्याची टीम आहे. हे ऐकायला बरोबर वाटतं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना पटतं पण, म्हणून सांगतो. दुसरा कुठलाही धंदा उठून गेला तर त्या गावात तसाच दुसरा धंदा कोणीही सुरू करू शकतो. इथे नाही करता येत. लीगमध्ये ३० टीम, नवीन टीम कधी आणि कुठे हे त्याच ३० मालकांनी ठरवायचं, आणि १९२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे, जी बाकीच्या मोठ्या खेळांना नाही. टीम कायम कमी ठेवायच्या म्हणजे शहरं एकमेकांशी बोली लावत राहतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये या मालकांनी ३०-० ने स्थलांतर मंजूर केलं आणि वर स्थलांतराची फी पण माफ केली. म्हणजे मक्तेदारी कायद्याने राखलेली, स्टेडियमला जनतेचा पैसा, आणि फक्त निर्णय घ्यायच्या वेळी ‘खाजगी’.

टीम इथे ठेवायला पैसेच नव्हते हे पण पटत नाही. मालक जॉन फिशर हे गॅप कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. वॉरियर्सचे मालक जो लेकब यांनी कितीतरी वेळा जाहीर सांगितलंय की ए’ज विकत घ्यायला मी तयार आहे. आणि ओकलंड सोडल्यावर दोन-तीन महिन्यांतच लुइस सेव्हेरिनोला तीन वर्षांसाठी ६.७ कोटी डॉलरचा करार मिळाला, टीमच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा. ओल्सन आणि चॅपमनसाठी हे पैसे कुठे होते?

आता काय, असं ग्रुपमध्ये एकाने विचारलं होतं. १९९६ ला क्लीव्हलंडची फुटबॉल टीम बाल्टिमोरला नेली तेव्हा नाव, रंग आणि सगळे रेकॉर्ड क्लीव्हलंडकडेच राहिले आणि १९९९ ला नवी टीम मिळाली. ए’ज गेल्यावर कॅन्सस सिटीला पण १९६९ ला रॉयल्स मिळाली, कारण तिथल्या सिनेटरने मक्तेदारीची सूट काढून घ्यायची धमकी दिली होती. ओकलंडने हेच मागितलं होतं, नाव इथे ठेवा आणि पुढच्या नवीन टीमची हमी द्या, दोन्हीला नकार मिळाला. मॅनफ्रेड २०२९ च्या जानेवारीत जाणार आहेत आणि त्याआधी लीगच्या दोन नवीन शहरांची निवड करायची असं ते म्हणतात. त्या यादीत ओकलंड असावं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला लिहा, सूट काढायचा मुद्दा त्यात घाला, आणि ती पोस्ट परत आली की हे तिच्याखाली पेस्ट करा.