हौशीपणाची किंमत कोणी मोजायची?

पदक जिंकून आलेल्या खेळाडूच्या घरच्यांनी बक्षिसाच्या रकमेबद्दल नाराजी व्यक्त केली की महाराष्ट्रात एक वाद हमखास पेटतो. 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे याच्या वडिलांनी हरियाणाचा दाखला देऊन राज्य सरकारने दिलेली रक्कम अपुरी असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हाही देशासाठी खेळणाऱ्याने पैशांची भाषा करावी का, हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. बॉस्टनच्या परिसरात राहून हा वाद वाचताना मला इथल्या फ्रान्सिस विमेट या गोल्फपटूची आठवण येते, कारण पैशाला न शिवणारा, म्हणजेच हौशी, खेळाडू हा सर्वोच्च आदर्श मानला जाण्याच्या काळातला तो सर्वांत लाडका विजेता होता आणि त्या आदर्शाची झळही त्यालाच सोसावी लागली.

विमेटचा जन्म 1893 मध्ये बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन गावात झाला. वडील कॅनडातून आलेले फ्रेंच भाषिक, व्यवसायाने माळी. घरासमोरच्या रस्त्यापलीकडे ‘द कंट्री क्लब’ या श्रीमंतांच्या क्लबचे गोल्फ मैदान होते आणि तिथे कॅडी म्हणून सभासदांच्या बॅगा वाहता वाहता हा मुलगा खेळ शिकला. 1910 मध्ये राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरायचे, तर एखाद्या मान्यताप्राप्त क्लबचे सभासदत्व असणे आवश्यक होते. त्यासाठी लागणारे 25 डॉलर त्याने आईकडून उसने घेतले. खेळाडूच्या चरित्रात हा तपशील सहसा एका ओळीत संपतो, पण मला तो त्याच्या कोणत्याही फटक्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. अंगात कसब असूनही दारातच अडलेल्या मुलासाठी पहिला खर्च माऊलीने केला, व्यवस्थेने नव्हे.

गोल्फच्या 1913 च्या अमेरिकन ओपन स्पर्धेची हकिकत सर्वज्ञात आहे. हॅरी व्हार्डन आणि टेड रे हे इंग्लंडचे नामांकित व्यावसायिक खेळाडू आणि 20 वर्षांचा विमेट या तिघांचे चार फेऱ्यांनंतर प्रत्येकी 304 फटके झाले. 20 सप्टेंबरला, दहा वर्षांच्या एडी लावरीला कॅडी म्हणून सोबत घेऊन खेळलेल्या जादा फेरीत विमेटने 72 फटक्यांत मैदान पूर्ण केले. व्हार्डनला 77 आणि रे याला 78 फटके लागले; गोल्फमध्ये सर्वांत कमी फटके लागलेला खेळाडू जिंकतो. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला हौशी खेळाडू ठरला. व्हार्डन हाही माळ्याचाच मुलगा होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्याने खेळालाच पोटापाण्याचा धंदा केला, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा खेळाडूंना ज्या क्लबांत शिकवायचे तिथे सभासदांच्या बरोबरीने बसण्याचा मान नव्हता. हौशी म्हणून प्रतिष्ठा राखायची किंवा खेळावर पोट भरायचे, यांपैकी एकच गोष्ट गरिबाघरच्या मुलाला निवडता येत असे. ज्याच्या घरी पैसा होता त्याच्यापुढे हा प्रश्नच नव्हता.

विमेटने हौशी राहणे पसंत केले आणि 1914 मध्ये राष्ट्रीय हौशी विजेतेपदही मिळवले. पण चरितार्थासाठी त्याने क्रीडासाहित्याच्या दुकानात भागीदारी केली, तेव्हा 1916 मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. गोल्फचे सामान विकणारा मनुष्य आपल्या नावलौकिकाचा आर्थिक लाभ घेतो, असा तो तर्क होता. शेअर किंवा जमिनी विकणाऱ्या सभासदाला, ओळखीपाळखी त्याच क्लबात झालेल्या असल्या तरी, हा नियम लागू नव्हता. विमेट सैन्यात दाखल झाल्यानंतर 1918 मध्ये त्याचा दर्जा परत देण्यात आला. पुढे 1931 मध्ये, पहिल्या विजयानंतर 17 वर्षांनी, त्याने हौशी विजेतेपद पुन्हा जिंकले आणि 1951 मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट या नामांकित गोल्फ क्लबचा कप्तान होण्याचा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन ठरला.

अमेरिकेची ही कथा मी आदर्श म्हणून मांडत नाही. याच देशातील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने ‘केवळ गोऱ्यांसाठी’ हे सभासदत्वाचे कलम 1961 पर्यंत कायम ठेवले होते, त्यामुळे विमेटसारखीच बॅग वाहणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाला ही वाट मोकळी नव्हती. आपल्याकडेही खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांना आपले घर गहाण ठेवावे लागले होते. त्यांच्या त्यागाविषयी मला अतोनात आदर आहे, पण अशा त्यागावर देशाचे क्रीडाधोरण उभे राहू शकत नाही.

म्हणून पदकानंतर किती कोटी द्यावेत, या वादात आपण नको इतकी शक्ती घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळाडूने पैसे मागण्यात काहीही गैर नाही आणि कुसाळे यांच्या वडिलांची नाराजी मला रास्त वाटते. मात्र स्वप्नील घडला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत कोवळ्या वयात मिळालेल्या प्रशिक्षणातून आणि पुढे रेल्वेतील नोकरीच्या आधाराने. क्रीडा प्रबोधिनीवरचा खर्च, तिथल्या प्रशिक्षकांची पदे, मुलांचा आहार यांवर वर्तमानपत्रांत बक्षिसांइतक्याच तावातावाने चर्चा व्हायला हवी.

विमेटच्या नावाने मॅसॅच्युसेट्समध्ये 1949 पासून एक शिष्यवृत्ती निधी चालतो. गोल्फ क्लबांत कॅडी म्हणून किंवा मैदानाच्या देखभालीत काम केलेल्या, आर्थिक गरज असलेल्या तरुण-तरुणींना तो महाविद्यालयीन शिक्षणासाठी मदत करतो आणि त्यासाठी स्वतः गोल्फ उत्तम खेळता येण्याची अट नाही. मुंबईतील कित्येक जिमखाने सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत. त्यांच्या सभासदांनी मैदान राखणाऱ्या आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी असा निधी उभारावा, आणि भाडेपट्ट्याचे नूतनीकरण करताना सरकारने ती अटच घालावी.