कुत्रं मरून राहिलंय, कोणीतरी काहीतरी करा

रस्त्यात जखमी कुत्रं दिसलं तर सगळ्यात आधी स्वतःला जपा. म्हणजे गाडी थांबवू नका. थांबलात की उतरावं लागतं, उतरलात की वाकून बघावं लागतं, आणि तुम्ही बघितलंत हे बघणारं कोणी ना कोणी तिथे असतंच. त्यापेक्षा गाडी जरा हळू करा, काच निम्मी खाली घ्या, फोटो काढा आणि पुढच्या सिग्नलला तो ग्रुपवर टाका. सोबत जोडलेले हात तीन, रडके चेहरे दोन. "अर्जंट! कोणीतरी प्लीज मदत करा." यातला 'कोणीतरी' विसरायचा नाही. भूतदयेचं सगळं ओझं तो एकटा उचलतो.

ठिकाण नीट लिहू नका. "राजेंद्रनगरजवळ" एवढं पुष्कळ झालं. शोधायला निघणाऱ्याला तेवढंच पाय मोकळे करणं. तारीख तर मुळीच नको, बिनतारखेचा फोटो दोन-दोन वर्षं ताजा राहतो. मागच्या पावसाळ्यात मला पाय मोडलेल्या एका कुत्र्याचा फोटो आला. त्याला मी आदल्याच वर्षी उचललं होतं, पायात प्लेट घालून घेतली होती आणि देवासला एका मास्तरांच्या घरी पोचवलं होतं. तसं मी कळवलं. उत्तर आलं, "पण काकू, फोटोत तर तो अजून रस्त्यावरच आहे."

तर, काकू. प्रत्येक वस्तीत एक काकू लागतात. आमच्या भागात त्या मी आहे. माझा नंबर लोकांकडे गॅसवाला आणि प्लंबर यांच्या मध्ये कुठेतरी 'कुत्रेवाल्या काकू' म्हणून असतो. फोन कसा करायचा तेही सांगते. नमस्कार वगैरेत वेळ घालवायचा नाही. रद्दीवाल्याला हाक मारावी तसं सरळ विचारायचं, "काकू, तुम्ही कुत्रे घेता ना? इथे एक कुत्रं मरून राहिलंय." (पुण्याची माणसं या वाक्याला हसतात. त्यांच्याकडे कुत्रं 'मरतंय'. आम्हा इंदूरवाल्यांच्या मराठीत सगळंच होऊन राहिलेलं असतं. जेवून राहिलो, झोपून राहिलो, मरून राहिलो. त्यात घाई नाही, काकू येईपर्यंत थांबायची सोय आहे.) मी विचारते, "तुम्ही तिथेच आहात का?" तर, "नाही हो, मी विजयनगरला पोचलो. पण मन कशात लागून नाही राहिलं."

मन लागत नसेल तर कुत्र्याला काहीतरी खायला घालावं. जबडा मोडलेला असेल तर बिस्किटांचा अख्खा पुडा नाकासमोर पसरा. दिसून तर राहतो. शुद्धीवर नसेल तर बाटलीने तोंडात पाणी ओता, ते पोटाऐवजी फुप्फुसात जातं, पण आपण पाणी पाजलं हे समाधान आपल्याच पोटात राहतं. घरातली अंगदुखीची गोळी कुस्करून द्या. आपल्याला चालते, त्याला का चालू नये?

आता इतकं सांगूनही तुम्हाला गाडीतून उतरायचीच खुमखुमी असेल, तर आपलं काही चालत नाही. उतरा. पण बिचारं मुकं जनावर म्हणून थेट मांडीवर घेऊ नका. दुखणारं जनावर आईलासुद्धा चावतं. बँडेजची पट्टी घ्या, मध्ये सैल फास करा, तो लांबूनच तोंडावर सरकवून ओढा, टोकं हनुवटीखाली फिरवून कानांमागे बांधा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर हेही करू नका. मागचे पाय फरफटत असतील तर कमरेतून उचलायचं नाही, पाठीचा कणा असतो तिथे. सपाट काहीतरी खाली सरकवायचं. माझ्या गाडीत कायम एक फ्लेक्स असतो, कोणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. चार माणसांनी चार कोपरे धरले की पंचवीस किलोचं कुत्रं अलगद उचललं जातं, रक्त पुसलं की निघतं आणि साहेब हात जोडून खाली हसतच असतात. त्यांच्याकडून झालेली ही एवढीच जनसेवा माझ्या माहितीत आहे.

पावसाळ्यात अळ्या. फोटोत त्या येत नाहीत, म्हणून ग्रुपवर त्यांना मागणी नाही. कुत्रं आपली जखम चाटून साफ ठेवतं, पण कानामागे, मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी जीभ पोचत नाही. माशी तेवढ्याच जागा हेरते. आज अंडी, उद्या अळ्या. बाहेरून रुपयाएवढं भोक दिसतं आणि आत बोट जाईल एवढी पोकळी झालेली असते. टर्पेंटाइनचा बोळा भोकाच्या तोंडाशी धरला की आतली मंडळी हवा खायला वर येतात, शेपट्या हलवत, तांदळाच्या दाण्याएवढी. चिमट्याने एकेक काढायची. घाई केली की अळी तुटते आणि निम्मी आत राहते. वास असा असतो की घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी वरणभातात येतो. मी हे एकदा फुटपाथवर बसून करत होते. फ्लेक्स पसरलेला, कुत्र्याचं डोकं माझ्या गुडघ्याखाली. फोन वाजला. चिमटा खाली ठेवून पाहिलं तर समोरच्याच कुठल्यातरी बाल्कनीतून काढलेला फोटो. त्यात कुत्रं, फ्लेक्स आणि पाठमोरी मी. खाली लिहिलं होतं, "अर्जंट! एक बाई कुत्र्याला काहीतरी करत आहे. कुत्रेवाल्या काकूंना कोणीतरी कळवा."

कळलं मला.

दात लागलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. घरात चुना किंवा मिरची चोळणारी आजी असेल तर तिला आधी दुसऱ्या खोलीत बसवा. त्याच दिवशी रेबीजची सुई. दंडात घेतली तर पहिल्या दिवसाला ० म्हणतात, मग ३, ७, १४, २८. कातडी फुटून रक्त आलं असेल तर सीरमही लागतं. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून कोणी उठत नाही, म्हणून या परिच्छेदात मी थट्टा करत नाहीये. माझा सगळा कोर्स पूर्वी झालेला असल्याने आता चावलं की फक्त ० आणि ३. या कामात मला मिळालेली ही एकमेव सवलत.

पैशांचा विषय निघाला की मात्र इतिहास सांगा. कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी कोणी वर्गणी मागायला आलं की आधी धर्मराजाची गोष्ट, कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नाही म्हणाला ती. मग नामदेव, कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले. मग होळकरांचं कुलदैवत खंडोबा आणि त्याचा कुत्रा. रायगडावरच्या वाघ्याच्या स्मारकाला आपल्या होळकरांनी पैसे दिले होते म्हणतात, तेही सांगा. इथवर येईपर्यंत चहा होतो आणि पाहुणा पावतीपुस्तक पिशवीत घालून निघतो. दत्तजयंतीला दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना हळदकुंकू वाहा, ते चार वेद आहेत. मांडवात शिरलेल्या पाचव्याला काठी दाखवा, त्याचं उपनिषदांतही नाव नाही.

शहराचा अभिमानही हवा. स्वच्छतेत इंदूर २०१७ला पहिलं आलं आणि मग येतच राहिलं. चौकातल्या कचरापेट्या गेल्या, सकाळी गाणं वाजवत गाडी येते आणि ओला-सुका वेगळा घेऊन जाते. फार चांगलं झालं. फक्त ज्यांचा पिढ्यान्पिढ्या त्या पेट्यांत डबा लागलेला होता, त्यांना खानावळ बंद झाल्याची पाटी कोणी दाखवली नाही. आता ती मंडळी रात्री दुचाकीमागे धावतात आणि आपण सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू खाता खाता म्हणतो, हल्ली कुत्री फार माजलीत.

कायदाही थोडा यायला हवा. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निम्म्या लोकांनी फटाके उडवले. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून जिथली तिथे सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, खायला घालायचं ते ठरवलेल्या जागी. मग उरलेल्या निम्म्यांनी फटाके उडवले. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथून कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका असं आलं, त्या दिवशी दोन्ही बाजूंनी. या तिन्ही तारखांना बी विंगच्या खाली पांढऱ्या गाडीच्या सावलीत तेच एक पिवळं कुत्रं झोपलेलं होतं. त्याच्या कानाला खाच आहे. नसबंदी झाल्याची ती खूण, त्याला पुन्हा कोणी टेबलावर घेऊ नये म्हणून. त्याचा फोटो मला वर्षातून चारदा येतो. "कोण हा राक्षस, मुक्या प्राण्याचा कान कापणारा?"

आता कुत्रं वाचलं असं धरू. काही वाचतात. मग त्याला कायमचं घर बघायचं. हे तुम्हाला अवघड जाणार नाही, घरात मुली उजवलेल्या असतीलच. फोन येतो, "तुमच्याकडे लॅब आहे का?" नाही, देशी आहे. "पपी आहे का?" नाही, तीन वर्षांची. "म्हणजे फीमेल?" हो, ऑपरेशन झालंय, पिल्लांची कटकट नाही. "रंग?" काळा. इथे सगळी बोलणी मोडतात. काळ्या कुत्र्याला इंदुरात मागणी फक्त शनिवारी. त्या दिवशी लोक तेल लावलेली पोळी घेऊन तिला शोधत माझ्या फाटकाशी येतात. एक गृहस्थ तर साडेसाती संपेपर्यंत दर शनिवारी येत होते, "काळीला बोलवता का जरा?" साडेसाती संपली, गृहस्थ संपले. (आहेत. येत नाहीत एवढंच.)

स्थळ कसं पाहावं? "आमची मोठी गच्ची आहे" याचा अर्थ कुत्रं गच्चीवर राहणार, मे महिन्यातसुद्धा. "फार्महाऊस आहे" म्हणजे साखळी आहे. "मुलगा खूप मागे लागलाय" म्हणजे दहावी सुरू होईपर्यंत. "आम्हाला राखणीला हवंय" म्हणणारा त्यातल्या त्यात खरं बोलतो. मी घर बघायला गेले की पोहे येतात, त्यावर शेव आणि जिरावण मसाला येतो, माझं तोंड भरलेलं असताना विचारलं जातं, "काकू, फॉर्मवर आधार नंबर कशाला? मुलगी थोडीच देऊन राहिलात?"

काळी गेल्या हिवाळ्यात सासरी गेली. तिचा मागचा डावा पाय ट्रकने नेलेला. उरलेल्या तिनांवर ती जिना चढते, फक्त उतरताना शेवटच्या पायरीला थांबून एकदा मागे बघते. नवरा-बायको, दोन मुलं, स्वतःचं घर, अंगण, गच्चीचा उल्लेखही नाही. फॉर्मवर 'घर बदलल्यास कुत्र्याचं काय कराल?' याच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'ती जिथे, तिथे आम्ही.' मी तो फॉर्म दोन मैत्रिणींना वाचून दाखवला.

अकराव्या दिवशी गाडी फाटकाशी उभी राहिली. कोणी उतरलं नाही. मागचं दार उघडलं, काळीने उडी मारली, जरा लडबडली, सावरली आणि सरळ नळाशी जाऊन पाणी प्यायला लागली. पट्टा, वाडगं आणि खाण्याची निम्मी पिशवी माझ्या हातात देण्यात आली. काय झालं? तर काही नाही. सोफा नवा आला. शिवाय सगळे येणारे-जाणारे विचारून राहिले की हिला चौथा पाय का नाही, सांगून सांगून कंटाळा येतो. "पण आहे हो खूप प्रेमळ," वहिनी आतूनच म्हणाल्या आणि त्यांनी खरोखर डोळे पुसले.

गाडी सुरू झाली. जराशी पुढे गेली आणि हळू झाली. काच निम्मी खाली आली, त्यातून हात बाहेर आला, हातात फोन. "काकू, बाजूला व्हा जरा, तुम्ही येऊन राहिलात मध्ये. ग्रुपवर टाकतो. कोणीतरी घेईल."

मी फाटकाची कडी लावली तोवर फोटो माझ्याकडे आलासुद्धा. जोडलेले हात तीन, रडके चेहरे दोन. अर्जंट. राजेंद्रनगरजवळ.