ढोलकी नको, सॉटूथ दाखवा

ट्रान्ससाठी, म्हणजे त्या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतासाठी, वर्कस्टेशन (अख्खे गाणे ज्यावर रचता येते असा कीबोर्ड) घ्यायचे म्हणून नागपूरच्या दुकानात जावे, तर दरवेळी समोर अरेंजर कीबोर्डच मांडला जातो आणि विक्रेता मोठ्या उत्साहाने एका बोटाने ढोलकीचा ठेका सुरू करून दाखवतो. ऑर्केस्ट्रावाल्यांना तो लाखमोलाचा असेल, पण मला आपोआप वाजणारी साथ नको आहे. मला मिनिटाला 138 ठोक्यांवर स्वतःच्या सुरावटी रचून साठवता येतील असा सिक्वेन्सर, आवाजाचा रंग बदलणाऱ्या फिल्टरचा वाजवता वाजवता फिरवता येणारा नॉब आणि सुरात परस्परांपासून किंचित ढळलेल्या सात सॉटूथ (करवतीच्या दात्यांच्या आकाराच्या) लहरींचा तो रुंद आवाज हवा आहे, जो रोलंड कंपनीच्या जेपी-8000 सिंथेसायझरने 1996 मध्ये आणला. एवढे सांगितले की उत्तर ठरलेले: "भाऊ, ह्याच्यात सहाशे टोन हायेत ना जी!" सहाशे टोनांचे काय लोणचे घालायचे? बरे, कोर्ग कंपनीचा जुना ट्रायटन वर्कस्टेशन शोधावा, तर त्याच्या सिक्वेन्सरमधली रचना डिस्कवर जतन केली नसेल तर वीज जाताच पुसली जाते, आणि आमच्या गावात वीज विचारून जात नाही. म्हणजे कीबोर्डच्या खर्चात इन्व्हर्टरही धरायचा, आणि वर घरचे विचारणार की एवढ्या पैशांत भजनी मंडळाला पेटी का नाही आणली.