लिंबू-सोडा आणि माझा पिवळा फ्लास्क

मावशीचा मेसेज सकाळी सहाला आला. काकांना जठराचा कॅन्सर आहे, सोमवारी तिसरी केमो. फॉरवर्ड असा: ‘कॅन्सर फक्त आम्लात जगतो, हे सिद्ध केल्याबद्दल डॉ. ओटो वॉरबर्गना १९३१ चं नोबेल. रोज लिंबू नि खाण्याचा सोडा घ्या, काढ्याने इम्युनिटी वाढवा, केमो थांबवा. बायोप्सी नको, कॅन्सर पसरतो.’ खाली मावशी: ‘तू यातलीच ना गं? देऊ का?’

यातलीच. पीएचडीची चार वर्षं याच कॅन्सरच्या पेशी सांभाळण्यात गेली. त्या ज्या मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात वाढतात, त्यात लिटरमागे दोन ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट मी स्वतः मोजून घालते. म्हणजे मावशीच्या डब्यातला खाण्याचा सोडाच! पीएच ७.४ च्या आसपास, अल्कलीकडे झुकलेला, रंग गुलाबीसर लाल. त्यात पेशी मरत नाहीत, फोफावतात. शुक्रवारी मीडियम बदलायचं राहिलं की सोमवारी फ्लास्क पिवळा, म्हणजे आम्लधर्मी. ते आम्ल त्यांनीच केलेलं असतं. साखर खायची, लॅक्टिक आम्ल बाहेर टाकायचं. वॉरबर्गने टिपलं ते हे, आणि त्याचं नोबेल तर श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं.

बरं, अर्धं खरं मान्य करते. गाठीभोवती आम्लता असते आणि तिथे टी पेशी, म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, मंदावतात. पण ती लिंबू-सोड्याने धुऊन निघत नाही. दोन्ही ग्लासातच फसफसून एकमेकांना संपवतात, आणि रक्ताचा पीएच फुप्फुसं नि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात, तुम्ही काहीही प्या. जठरात तर गणित उलटंच आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू युरियापासून अमोनिया करतो, स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि टिकतो. वर्षानुवर्षं सुजून अस्तर झिजलं, आम्ल कमी झालं, अशा जठरात कॅन्सरचा धोका वाढतो.

ती सूज कुणाची? आपल्याच प्रतिकारशक्तीची. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ वाचलं की माझं डोकं फिरतं. गाठीत रोगप्रतिकारक पेशींचा दुष्काळ असतोच असं नाही. मॅक्रोफेज तिथे ढिगाने सापडतात, फक्त फितूर झालेले. गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून तेच रसायनं सोडतात. टी पेशींना कॅन्सरची पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन दाखवून गप्प बसवते, जणू ब्रेक लावते. हा ब्रेक काढायचा, ही कल्पना २०१८ च्या नोबेलची, अ‍ॅलिसन आणि होन्जो यांची. काढ्याने तो सुटत नाही.

आणि ‘केमो थांबवा’? २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चेकमेट ६४९ ही चाचणी बघा. प्रगत कॅन्सरच्या ज्या रुग्णांत पीडी-एल१ पुरेसं होतं, त्यांचं मध्यक आयुर्मान नुसत्या केमोवर ११.१ महिने, केमोसोबत हाच ब्रेक काढणारं निव्होलुमॅब हे औषध दिल्यावर १४.४. चमत्कार नाही. पण केमो काढून नाही, केमोच्या जोडीने. आणि पीडी-एल१ आहे की नाही हे कळतं बायोप्सीच्याच तुकड्यावरून, तेव्हा तोही मुद्दा निकालात.

हे सगळं फोनवर सांगितलं. मावशी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘सोडा नको. पण नुसतं लिंबूपाणी? त्यांना आवडतं गं.’

‘तोंड आलं असेल तर झोंबेल. आधी त्यांना विचार.’