दारू ती दारूच, ठासा बिनधास्त

आमचं ऑफिस दारूखान्याजवळ. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला की तो आरशातून बघून हसतो, मग त्याला समजवावं लागतं की बाबा ही प्यायची नव्हे, तोफेची दारू, तिच्या कोठारावरून हे नाव पडलंय. तर एवढ्या शेजारावर मी बंदुकीच्या दारूतला तज्ज्ञ झालोच की नाही? मुंबईत याहून कमी भांडवलावर लोक शेअर बाजारावर क्लास काढतात.

भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. तिकडे हरणांच्या शिकारीत ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायच्या बंदुकीला वेगळे दिवस राखून ठेवतात, म्हणून त्याने नवी कोरी इनलाइन रायफल घेतली. ठासणीचीच, पण दिसायला एकदम मॉडर्न, वर दुर्बीण बिर्बीण. फोन आला, मामा, दुकानात पाच प्रकारची पावडर आहे, कुठली भरू? मी लोकलमध्ये लटकलेलो, तरी सल्ला दिलाच. तोच तुम्हालाही देतो, फुकट.

पहिलं म्हणजे नळीवर जे कोरलंय ते वाचायचं नाही. तिथे लिहिलेलं असतं की फक्त काळी दारू, म्हणजे जुनी सोरा-गंधक-कोळशाची, किंवा तिला मान्य असलेला पर्याय वापरा. आपण ‘येथे थुंकू नये’ वाचून कधी थांबलोय का, मग हे कशाला वाचायचं.

दुसरं, बिनधुराची दारू भरा. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय नावाच्या माणसाने ती काढली, काडतुसात तीच असते, धूर कमी, घाण कमी, मग जुनाट सोरा-गंधक-कोळसा हवा कशाला! आता कोणी शहाणा म्हणेल की तेवढ्याच मापात तिची ताकद कितीतरी पट, आणि कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, म्हणून दाब आणखी वाढतो, आणि काळ्या दारूच्या हिशोबाने केलेली नळी शेवटी तोंडाशी फाटते, तोंड म्हणजे तुमचं. तर त्याला सांगा, स्टील मॉडर्न आहे. तरी ऐकेना तर सांगा की सॅव्हेज कंपनीने 10एमएल-2 नावाची ठासणीची रायफल खास बिनधुराच्या दारूसाठी काढलीच होती. म्हणजे समोरच्या टॉवरला परवानगी मिळाली म्हणून आपल्या चाळीवर पण वीस मजले चढवायचे, लॉजिक तेच.

आणि डबे बदला हो. सगळ्या पावडरी काळपट दाणेदार, ओरिजिनल डबे उगाच जागा खातात. हिंगाच्या डबीत सुया आणि लोणच्याच्या बरणीत सर्फ ठेवणारी माणसं आपण, दारूलाच कशाला लेबल पाहिजे.

आता वजनाचं. काळी दारू मापट्याने मोजतात, म्हणजे वजनाने नव्हे, किती जागा भरते त्यावर, आणि तिच्या जागी वापरायच्या पायरोडेक्स, ब्लॅकहॉर्न 209 वगैरे पण मापट्यानेच. मापट्यावरच्या 100 ग्रेन (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं बारकं एकक) पायरोडेक्सचं खरं वजन भरतं साधारण 70 ग्रेन, कारण ती हलकी. हे तुम्ही अजिबात लक्षात ठेवू नका. सरळ झवेरी बाजारातून सोनाराचा काटा आणा आणि वजनाने 100 ग्रेन टाका, चाळीस टक्क्यांवर माल जास्त आणि तोसुद्धा काट्यावर तोलून, अचूक! ट्रिपल सेव्हन नावाची पर्यायी पावडर असेल तर बनवणारेच सांगतात की ती काळीपेक्षा तिखट आहे, माप 15 टक्के कमी घ्या. कंपनीवाल्यांचा चिक्कूपणा, दुसरं काय. पावडरच दाबून केलेल्या 50-50 ग्रेनच्या तयार गोळ्या मिळतात, बऱ्याच बंदुकांना तीन ही शेवटची हद्द. चौथी नैवेद्याची टाका.

आमचे काका गुहागरकडे असतात, त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या लायसनची ठासणीची आहे, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि तेवढे दिवस डुकरं मजा करतात. या माणसासारखं वागायचं नाही हे खास लक्षात ठेवा. ते डब्यातून थेट नळीत दारू ओतत नाहीत, का तर आत मागच्या बाराची ठिणगी राहिली असेल तर अख्खा डबा हातात पेटेल, म्हणून आधी छोट्या मापात काढणार, डबा बंद करून लांब ठेवणार, मगच ओतणार. ठासायच्या गजावर खिळ्याने ओरखडा मारून ठेवलाय, बार नीट ठासला की ओरखडा बरोब्बर नळीच्या तोंडाशी येतो. वर राहिला तर गोळी अडकली किंवा चुकून दोनदा दारू भरली, खाली गेला तर दारूच विसरली. दारू आणि गोळीच्या मध्ये पोकळी राहिली की नळी तिथेच फुगते नाहीतर फुटते म्हणतात. शेवटी गज हलकाच आत सोडून कान देतात, टण्ण करून उडाला की मान हलवतात. मग संध्याकाळी खळ्यात गरम पाण्याने नळी धुणं, सडक्या अंड्यासारखा वास, काळंभोर पाणी, ते नितळ येईपर्यंत तीन-तीनदा, वर तेलाचा हात, नाहीतर सकाळपर्यंत गंज. एवढ्या वेळात माणूस गुहागरहून दादरला पोचेल.

तशी मुंबईला दारूगोळ्यात ‘चालतंय’ म्हणण्याची परंपरा जुनी आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकात उडालेल्या फोर्ट स्टिकिन जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकत्रच भरल्या होत्या.

भाच्याने माझं सगळं शांतपणे ऐकलं, हो मामा हो मामा केलं. परवा बहिणीकडून कळलं की माझा फोन ठेवून त्याने काकांना लावला होता. काकांना इंग्रजीचा गंध नाही, तरी ते म्हणाले, आधी नळीवर काय कोरलंय ते वाचून दाखव बघू, मग पुस्तिका काढ. पाऊण तास चालला म्हणे दोघांचा फोन. मला अजून एक थँक्यू नाही, आणि चौथी गोळी पाकिटातच.