जलसाहाय्याचे तज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्या इंदूरकरांस

सेवानिवृत्तीनंतर रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या ओसरीवर बसून नर्मदेची वाट पाहणे ज्यांना कमीपणाचे वाटते, त्या सुजाण इंदूरकरांनी आंतरराष्ट्रीय जलसाहाय्याचे तज्ज्ञ व्हावे, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. पाण्याचा अनुभव आपल्यापाशी आहेच. सत्तरएक किलोमीटरांवरच्या जलूदहून घाट चढवून आणलेली नर्मदा आपल्या नळाला एक दिवसाआड येते, आणि मोटर ती येण्याआधी लावायची की आल्यावर, हा प्रश्न आपण आयुष्यभर सोडवीत आलो आहोत. मात्र हा अनुभव मुलाखतीत चुकूनही सांगू नये. नळापाशी उभ्या असलेल्या माणसाला या क्षेत्रात लाभार्थी म्हणतात, आणि लाभार्थ्याला मानधन नसते.

आरंभी मुदती ठरवण्याची कला शिकून घ्यावी. संयुक्त राष्ट्रांनी 1981 ते 1990 हे दशक पेयजल आणि स्वच्छतेचे म्हणून जाहीर केले, तेव्हा दशक संपेपर्यंत सर्वांना शुद्ध पाणी मिळावयाचे होते. पुढे उद्दिष्ट ठरले ते 2015 पर्यंत वंचितांचे प्रमाण निम्मे करण्याचे, आणि आता 2030 पर्यंत पुन्हा सर्वांना पाणी द्यावयाचे आहे. पाण्यावरची मोठी जागतिक परिषद 1977 मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे भरली होती; तशी दुसरी न्यूयॉर्कला भरायला 2023 उजाडले. घरच्या प्लंबरने एवढा अवधी मागितला असता, तर आपण त्याला जिन्यावरूनच परत पाठवले असते. पण प्लंबरपाशी संकल्पपत्र नसते, हा त्याचा दोष.

यानंतर ‘साहाय्य’ या शब्दाची थोरवी समजून घ्यावी. एशियन डेव्हलपमेंट बँकेने 2003 मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि जबलपूर यांच्या पाण्यासाठी व नागरी सुधारणांसाठी 20 कोटी डॉलर मंजूर केले, त्याला आपण सर्वांनी कौतुकाने मदत म्हटले. ते कर्ज होते. शेजाऱ्याने दिलेले उसने पैसे कोणी मदत म्हणून मिरवीत नाही, कारण शेजारी तसा समारंभ करीत नाही.

पण या विद्येचा खरा धडा आपल्याच शहरात गिरवून झालेला आहे, आणि तो नीट न अभ्यासता बाहेरगावी सल्ला द्यायला निघणे हा इंदूरचा अपमान होईल. 1980च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या पैशाने येथे झोपडवस्त्या सुधारण्याची जी योजना सुरू झाली, तिची कल्पना खरोखर सुंदर होती, हे आधी कबूल केले पाहिजे. अभियंता हिमांशू पारीख यांच्या ध्यानात आले की वस्त्या बहुतेक खान आणि सरस्वती या नद्यांच्या व त्यांच्या नाल्यांच्या काठी, म्हणजे शहराच्या नैसर्गिक उतारावरच वसल्या आहेत. तेव्हा मैलावाहिन्या त्याच उताराने नेल्या, तर वस्त्यांचीही सोय होईल आणि अवघ्या शहराचीही. वाहिन्या पडल्या, रस्ते झाले. योजनेला 1993 मध्ये वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार मिळाला आणि 1998 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार. पुढे काही चिकित्सक मंडळी वस्त्यांतून हिंडली, आणि त्यांना आढळले की वाहिनी वाहती राहायला शौचालयात पाणी ओतावे लागते, ते वस्तीत पुरेसे नाही. चेंबर तुंबले आहेत. आणि जो मैला पुढे सरकतो, तो शुद्ध न होता नदीलाच मिळतो. आपण यातून एवढेच घ्यावे की परीक्षक आणि चिकित्सक यांच्या भेटींत पुरेसे अंतर राखावे, आणि अहवालात वाहिनीची लांबी मीटरमध्ये अचूक द्यावी. तिच्यातून काय वाहते, हे अहवालाच्या नमुन्यात विचारलेलेच नसते.

येथे पॅट्रिक गेडिस यांचे नाव काढून कोणी आपल्याला खजील करण्याचा संभव आहे. होळकर दरबाराने बोलावलेल्या या स्कॉटिश गृहस्थांनी गल्लीबोळ पायी तुडवले, नद्या आणि तळी स्वच्छ करण्याविषयी आग्रह धरला, दिवाळीला मिरवणूक काढून प्लेगच्या उंदराचा पुतळा जाळविला आणि 1918 मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. अहवाल द्यावा, पायी हिंडू नये. हिंडणाऱ्याला चेंबर दिसतात.

तंत्र निवडताना ते छायाचित्रात हसरे दिसेल असे पाहावे. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या फिरत्या चक्राला पंप जोडण्याची युक्ती निघाली: मुले खेळणार आणि पाणी आपोआप टाकीत चढणार. 2006 मध्ये अमेरिकेतून तिच्यासाठी मोठ्या रकमा जाहीर झाल्या आणि 2010 पर्यंत 4,000 पंप बसवण्याचा संकल्प झाला. ठरलेले पाणी चढवायचे तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावे लागेल, असा हिशेब एका ब्रिटिश वृत्तपत्राने मांडला, आणि गावोगावी ते चक्र अखेर बायकांनीच ढकलले. उलट, ओतीव लोखंडाचे, एका कुटुंबापुरते बनवलेले विलायती पंप आपल्याकडे अख्ख्या गावाच्या हाताखाली मोडू लागले, तेव्हा जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनच्या कारखान्यांत दणकट पोलादी पंप घडले. त्यांच्याच पायावर, युनिसेफच्या साथीने, 1970च्या दशकात इंडिया मार्क दोन हा हातपंप तयार झाला आणि पुढे देशोदेशी गेला. त्याची आपण शिफारस करू नये. तो वर्षानुवर्षे चालतो, मोडला तर पाना घेऊन मिस्त्री येतो, आणि मिस्त्रीच्या येण्याजाण्याला कोणताही देणगीदार पैसे देत नाही. दिले तरी पाटी कोठे लावणार? पाण्याची तपासणीही अशीच, फोटोला निरुपयोगी. बांगलादेशात 1970च्या दशकापासून लाखो कूपनलिका खणल्या गेल्या, आणि त्यांच्या पाण्यात आर्सेनिक आहे हे 1993 मध्ये उघड झाले. या वाक्यावर मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

एक सावधगिरी मात्र हवी. दात्याचे मन पालटू शकते. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत गोठवली आणि 1 जुलैला ती वाटणारे यूएसएड हे खातेच मिटवून टाकले. ब्रिटनने परदेशी मदतीसाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यावरून 0.5 आणि 2027 पर्यंत 0.3 असा उतार धरला आहे, आणि तो आपल्या खान नदीपेक्षा सुरळीत वाहतो. तेव्हा मानधनाचा पहिला हप्ता आगाऊ घ्यावा.

अर्जात घरचा पत्ता लिहावा, नळाची वेळ लिहू नये. आणि मुलाखत पाण्याच्या दिवशी ठेवू नका, असे आधीच कळवून टाकावे. मोटर लावायला घरी कोणीतरी लागते.